दुसरी धाव

लोणावळ्यात टॅक्सीवाल्याने चहासाठी गाडी थांबवली आणि समोरच्या चिक्कीच्या दुकानावर प्रितमला स्वतःचं डोकं लटकलेलं दिसलं. डोकं त्याचंच होतं, मोबाइलवरून उचललेलं, ताणून रुंद केलेलं. खालचं धड मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. त्या धडाला पांढरे कपडे होते, पायांना पॅड होते आणि हातात क्रिकेटची बॅट होती. वर लिहिलं होतं, मावळचा ढाण्या वाघ, अमेरिका गाजवणारे बेसबॉलपटू प्रितम केरबा ओव्हाळ यांचा भव्य नागरी सत्कार. बाजूला, त्याच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला, त्याच्याच गावचा सोपान. भावी जिल्हा परिषद सदस्य. वरच्या पट्टीत सगळे महापुरुष, कुणी राहायला नको म्हणून दाटीवाटीने बसवलेले. प्रितम बघत राहिला. त्याला राग आला नाही. राग यायला समोरच्याची काहीतरी किंमत असावी लागते. त्याला नुसतं हसू आलं आणि ते तोंडातल्या तोंडात आंबलं. ज्या माणसाने लहानपणी कधी आपल्या हाताला बॅट लागू दिली नाही, त्याने ती आज फोटोत दिली, आणि तीसुद्धा दुसऱ्याच्या हातात. टॅक्सीवाल्याने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा प्रितमकडे, आणि साहेब तुम्ही रणजी खेळता का, असं विचारलं. प्रितम हो म्हणाला. समजावून सांगत बसावं एवढा आदर त्याला या रस्त्यावरच्या कुणाबद्दलही उरला नव्हता.

गाडी कुसगाव मागे टाकून खाली उतरू लागली. कुसगावात आता सोपानचे बंगले आहेत, पोहायच्या हौदासकट. शनिवारी मुंबईची पोरं येऊन तिथे गाणी लावतात आणि हौदाच्या कडेला ओकतात, आणि सोमवारी सोपानची माणसं ते धुऊन काढतात. धुणारी माणसं कुठल्या वस्तीतली, हे आईने फोनवर सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. खिडकीतून हिवाळ्यातला मावळ दिसत होता. भात कापून झालेली खाचरं, एकाखाली एक, आणि त्यांत उभी राहिलेली धसकटं. लोकांना हे दृश्य सुंदर वाटतं, गाड्या थांबवून फोटो काढतात. प्रितमला त्या धसकटांकडे बघितलं की नडग्या हुळहुळायच्या. अमेरिकेतल्या एका बातमीदारीणबाईने त्याला भाताच्या शेतातलं बालपण सांगा म्हणून गळ घातली होती. त्याने तिला धुकं, बैल आणि आजीची अंगाई असं काहीबाही सांगितलं. त्यातलं एकही खरं नव्हतं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि प्रितमच्या मनातून ती तेव्हाच उतरली.

खरं होतं ते आंदर मावळातलं त्याचं गाव आंबेथळ, आणि गावाखालचं सोपानच्या घरचं मोठं खाचर. सुगी झाली की तिथे क्रिकेट सुरू व्हायचं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली पोरं ओढा ओलांडून यायची आणि त्यांना सांगितलं जायचं, तू फिल्डिंग कर, तुझी बारी आली की हाक मारतो. बारी यायची नाही. कधी बॉल हरवायचा, कधी सोपानला धारेला बोलावणं यायचं, आणि बॅट सोपानची असल्यामुळे बॅटही त्याच्याबरोबर घरी जायची. जात कुणी काढली नाही. अंधार पडायचा, इतकंच. वस्तीतली बाकीची पोरं आठवड्याभरात शहाणी झाली आणि ओढ्याच्या पलीकडे, वस्तीतच विटीदांडू खेळू लागली. प्रितम मात्र रोज जात राहिला. बॅटपासून हातभर अंतरावर, जिथे धसकटाला लागून चेंडू कुठेही उडतो आणि जिथे उभं राहायला कुणी तयार नसतं, तिथे तो उभा राहायचा. चेंडू गुडघ्यावर लागायचा, हनुवटीवर लागायचा, मग हळूहळू हातात येऊ लागला. धसकटाला लागण्याआधीच हाताला कळू लागलं. झेल घेतला तर टप्पा पडला होता म्हणायचे. धावबाद केलं तर पोचलो होतो म्हणायचे. यष्टीच्या जागी गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा असायचा. त्या डब्याला चेंडू लागून आवाज झाला तर तेवढा मात्र नाकारता यायचा नाही, तो गावापर्यंत ऐकू जायचा. म्हणून प्रितम डब्यावर नेम धरायला शिकला. कुठूनही, कसाही, पडता पडता. आज ते आठवतं तेव्हा त्याला त्या वेळच्या सोपानपेक्षा त्या वेळच्या स्वतःचाच जास्त तिटकारा येतो. कसला चिवट, लाचार पोरगा. रोज संध्याकाळी तोंड वर करून, आज तरी हाक मारतील म्हणून उभा.

पुढचं सगळं तर विनोदच होता. बापाच्या रेल्वेच्या नोकरीपायी घर तळेगावला आलं आणि तिथल्या शाळेत हौशीराम सर नावाचे पीटीचे मास्तर होते. पोट सुटलेलं, शिट्टी गळ्यात, आणि डोक्यात एकच हिशोब. जिल्ह्यात बेसबॉलचे संघ इतके थोडे की नुसतं मैदानात उतरलं तरी तिसरा नंबर ठरलेला, आणि नंबर आला की दहावीला वाढीव गुण. म्हणून शाळेत बेसबॉल होता. सरांना स्वतःला नियम अर्धेच येत होते, उरलेले ते दरडावून भागवायचे. त्यांनी प्रितमला दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावणाऱ्याने गाठायच्या जमिनीवरच्या उशांच्या, मधे उभं केलं, जिथे जमिनीवरून सरपटत येणारे सगळ्यात जास्त चेंडू येतात, कारण बाकीची पोरं डॉक्टरांची आणि बिल्डरांची होती आणि त्यांच्या दातांना तारा बसवलेल्या होत्या. म्हणजे इथेही तेच, जिथे लागतं तिथे ओव्हाळ. फरक एवढाच की या खेळात प्रत्येकाची बॅटिंगची बारी येतेच, तो नियमच आहे, कुणाची मेहेरबानी नाही. पहिल्या सामन्यात सरांनी त्याचं नाव पुकारलं तेव्हा प्रितम जागेवरून हललाच नाही. त्याला वाटलं, चेष्टा आहे.

मग राज्य, मग विद्यापीठ, मग अमेरिकेतल्या एका क्लबची माणसं भारतात नवीन हात शोधायला आली तेव्हाची पुण्यातली चाचणी. तिथे त्याने जी चूक केली ती आंबेथळच्या खाचरात वाढलेला माणूसच करू शकतो. चेंडू उचलायचा आणि पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या गड्याच्या छातीकडे फेकायचा, त्याने तो झेलला की धावणारा बाद. एवढं साधं. पण दबाव आला की प्रितमच्या हाताला डबाच दिसायचा. त्याने चेंडू उचलला आणि थेट जमिनीवरच्या बेसवर मारला. झेलणारा गडी उडी मारून बाजूला झाला. पुन्हा चेंडू आला, पुन्हा बेसवर, मधोमध. मागे शाळेतली डॉक्टरांची पोरं हसत होती. गोऱ्या प्रशिक्षकाने त्याला जवळ बोलावून विचारलं, असं का मारतोस. प्रितम म्हणाला, आवाज यावा म्हणून. दुभाष्याने काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या म्हाताऱ्याने त्याला लांब, आणखी लांब उभं केलं आणि पुन्हा मारायला सांगितलं. लागलं. मग पाठ करून उभं केलं आणि वळून मारायला सांगितलं. तेही लागलं. निवड झाली. म्हाताऱ्याला वाटलं, त्याला मावळात हिरा सापडला. प्रितमला वाटलं, या माणसालाही फक्त आपला हात हवा आहे, बाकीचा मी नाही. या बाबतीत गोरा आणि सोपान यांच्यात त्याला काडीचा फरक दिसला नाही.

छोट्या लीगमधली वर्षं बसमध्ये गेली. कुठल्याशा गावाबाहेरचे मोटेल, पावात घातलेलं थंड मांस, आणि देवाचं नाव घेऊन थुंकणारे सोबती. तो बोलत नसे. ते त्याला शांत समजत, साधू समजत, योगाबद्दल विचारत. तो त्यांना मनातल्या मनात मावळी शिव्या देई. सप्टेंबरात मोठ्या संघाचा एक गडी खांदा धरून बसला आणि प्रितमला वर बोलावलं. एवढी दुनिया ज्यासाठी तडफडते ती मोठी लीग. त्या मैदानात पहिला चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा तो चक्रावला. चेंडू सरळ आला. हिरवळ अशी कापलेली आणि माती अशी चाळलेली की चेंडूला वाकडं जायला जागाच नव्हती. प्रितम खाली बसून चेंडू कधी उडतोय याची वाट बघत होता आणि चेंडू मुकाट्याने येऊन त्याच्या हातात बसला. चाळीस हजार माणसं ओरडली. प्रितमला वाटलं, बस, एवढंच? याच्यासाठी हे कोट्यवधी घेतात? आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाचीही त्याला अशी कीव आली, आणि त्या रात्री हॉटेलात त्याला पहिल्यांदा भीती वाटली, की ही कीव आता आपल्याला कुठल्याच गोष्टीत सोडणार नाही.

टॅक्सी घोरावाडी स्टेशनजवळच्या त्यांच्या खोल्यांपाशी पोचली तेव्हा त्याचा बाप केरबा दारातच बसला होता. केरबा रेल्वेत चावीवाला. हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळांवरून चालायचं, सैल झालेल्या चाव्या ठोकायच्या, रुळांत काही पडलेलं दिसलं तर बाजूला करायचं. जन्म असा चालण्यात गेल्यामुळे त्याची मान कायम खाली. बाजारातसुद्धा तो खाली बघत चालायचा आणि तारेचा तुकडा, करवंटी, फुटकी वीट दिसली की वाकून उचलायचा आणि कडेला ठेवायचा. प्रितम बारावीत असताना तळेगावच्या चौकात एकदा बापाने असाच कुणाच्या तरी मोटारीपुढचा दगड उचलला आणि मोटारवाल्याने हात हलवून त्याला पुढे हो म्हटलं, हमालाला म्हणावं तसं. प्रितम तेव्हा दुसऱ्या फुटपाथवर गेला होता. बापाची ती वाकलेली मान त्याला बघवत नसे. रेल्वेने वाकवली ती नंतर, गावाने वाकवली ती आधी, असं तो धरून चालला होता. गावातली लग्नं त्याला आठवत. केरबा सुट्टी काढून, शर्टाला इस्त्री करून यायचा, सतरंजीच्या कडेला बसायचा, आणि सोपानचा बाप मांडवातून हाक मारायचा, केरबा, जरा ताडपत्री धर. केरबा, खुर्च्या लाव. सोपानसुद्धा, मिसरूड न फुटलेला, केरबा म्हणायचा. आणि केरबा उठायचा. दर वेळी उठायचा.

म्हणूनच प्रितम सत्काराला हो म्हणाला होता. शाल त्याला नको होती, नारळ नको होता. त्याला एकच गोष्ट बघायची होती. सोपान उभा आहे आणि आपला बाप बसला आहे, एवढंच, एकदा, सगळ्या गावासमोर. जेवताना त्याने ते बोलून टाकलं.

"आबा, तितं गेल्यावर खुर्चीवरनं उठायचं न्हाई. कुनी काय बी सांगूदे."

"न्हाई उठत," केरबा भाकरी मोडत म्हणाला.

"पानी द्या म्हनतील, दोरी धरा म्हनतील."

"न्हाई उठत म्हनलं ना. मुतायला तरी जाऊ का?"

त्याची आई चिमाबाई हसली नाही. ती येणारच नव्हती. ठेवणीतली साडी नेसून त्यांची त्वांडं बघायची मला हौस न्हाई, असं तिने एकदा सांगितलं आणि ताट उचलून आत गेली. माणसाला तुच्छ कसं मानावं हे प्रितम आईकडून शिकला होता. पण आईचं एक होतं, ती ज्यांना तुच्छ मानायची त्यांच्या दारात जात नसे.

रविवारी सोपानची मोठी गाडी न्यायला आली. आंबेथळच्या त्याच खाचरात स्पर्धा होती, सोपानदादा चषक. धसकटं जाळून, रोलर फिरवून जमीन सारखी केली होती. बांधाला लागून मांडव, मांडवात सोफे, सोफ्यांवर पांढरे टॉवेल. सोपान जाडा झाला होता, कपाळाला गंध, मनगटात कडं. त्याने केरबाच्या पाया पडल्यासारखं केलं, म्हणजे गुडघ्यापर्यंत वाकून फोटोवाल्याकडे बघितलं, आणि केरबाआबा, या, बसा, असं माइकवर म्हणाला. केरबाआबा. प्रितमला त्या शेपटीचीच किळस आली. केरबा बसला. पहिल्या ओळीत, मधोमध, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाल अंगावर घेऊन. भाषणं झाली. सोपानने सांगितलं की प्रितमच्या हातात पहिली बॅट आपण दिली, याच मातीत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रितमने टाळ्या वाजवणारे चेहरे एकेक करून पाहिले. सगळ्यांना खरं ठाऊक होतं. त्यातल्या कित्येकांनी त्याचे झेल टप्पा म्हणून खाल्ले होते. खोटं बोलणाऱ्याबद्दल त्याला काही वाटलं नाही, पण ही टाळी पिटणारी जमात, हिच्याकडे बघून त्याला थुंकावंसं वाटलं. मधेच वारा सुटला आणि मांडवाची एक बाजू फडफडू लागली. मागच्या ओळीतला एक म्हातारा सवयीने ओरडला, "केरबा, ती दोरी वढ जरा."

मांडवातल्या माना वळल्या. केरबाने प्रितमकडे पाहिलं. हात गुडघ्यांवरून हलले नाहीत. आणि मग सोपान स्वतः, माइक खाली ठेवून, कडं सावरत गेला आणि त्याने दोरी ओढून खुंटीला बांधली. प्रितमच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. मोठ्या लीगमधल्या त्या पहिल्या दिवशी जे वाटायला हवं होतं आणि वाटलं नव्हतं, ते आता वाटलं. झालं, आता निघालो तरी चालेल, असं त्याला वाटलं.

पण उद्घाटनाचा चेंडू राहिला होता. पाहुण्याने एक चेंडू खेळायचा, यजमानाने टाकायचा, असा रिवाज. सोपानने त्याच्या हातात बॅट दिली. या खाचरात पहिल्यांदा. बॅट रुंद होती, पातं चपटं, त्याच्या हाताला परकी. सोपानने दोन पावलं टाकून चेंडू अलगद सोडला. प्रितमने तो मारला, म्हणजे हातानेच मारला, त्याला काही विचारलं नाही. चेंडू मांडवाच्या उलट बाजूने बांध ओलांडून खालच्या खाचरात गेला. आणि गेल्या इतक्या वर्षांत अंगात मुरलेलं होतं तेच झालं. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं असतं. प्रितमने बॅट खेळपट्टीच्या मधेच टाकली आणि पळाला. समोरच्या टोकाला थांबलासुद्धा नाही, बेस ओलांडून जावं तसा पुढे गेला. सगळं मैदान हसलं. कुणीतरी म्हणालं, बॅट टाकली येड्यानं. दुसरा ओरडला, दुसरी घे, दुसरी, बॉल खालीच हाय. प्रितमलाही हसू आलं. चला, दुसरी घेऊ, घ्या तुमची दुसरी. तो वळला आणि परत पळू लागला.

आणि त्याला बाप दिसला. केरबा खुर्चीवरून उठला होता. बांध उतरून, शाल एका खांद्यावरून लोंबत, मान खाली घालून, रुळांवरच्या त्या आखूड पावलांनी तो खेळपट्टीवर येत होता. सगळ्या गावासमोर. मधोमध आडव्या पडलेल्या बॅटपाशी येऊन तो वाकला. सोपानची बॅट. प्रितमचे पाय जागीच थांबले. आयुष्यात तो पळता पळता कधी थांबला नव्हता. डोक्यात एकच वाक्य उमटलं, उठलाच शेवटी, जातो कुठे, आणि त्या वाक्याबरोबर बापाबद्दलची तुच्छता अशी भरून आली की तोंड कडू झालं. एवढं सांगून, एवढं करून, हाडातच आहे याच्या. मागून चेंडू आला, सोपानने तो झेलून यष्टीला लावला आणि हसत आउट म्हणाला. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग सोपान हात पुढे करून केरबाकडे आला. "द्या आबा, हिकडं द्या."

केरबाने बॅट दिली नाही. त्या हाताकडे त्याने पाहिलंही नाही. बॅट घेऊन तो चार पावलं बाजूला गेला, ती बांधाला टेकवून ठेवली, सरकत नाही ना बघितलं, आणि हात झटकत प्रितमपाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर अपराध नव्हता, लाज नव्हती. रुळावरचा दगड काढून झाल्यावर असतो तसा नुसता चेहरा होता.

"मदी पडली हुती," तो म्हणाला. "तू उलटा येत हुतास. पायात आली असती."

प्रितमने बापाच्या मानेकडे पाहिलं. हीच मान, हेच वाकणं. सोपानच्या बापाने मांडवातून ज्या नजरेने ते पाहिलं होतं, त्याच नजरेने आत्ता आपण पाहिलं, हे त्याला कळलं, आणि ते कळून घ्यायला अमेरिकेपर्यंत जाऊन यावं लागलं याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने मान खाली घातली. खाली जळलेल्या धसकटांची काळी टोकं होती. केरबाने शाल सावरली, मांडवाकडे जायला वळला, आणि काहीतरी आठवल्यासारखा थांबला.

"मी उचलतच हुतो की," तो म्हणाला. "तू कशापायी थांबलास?"

उत्तराची त्याने वाट पाहिली नाही. जाऊन तो आपल्या खुर्चीवर बसला.